बधिर होण्याआधी बोलायचं

इंद्रलोकमधल्या दातांच्या दवाखान्यात खरी गर्दी संध्याकाळी सातनंतर होते. चर्चगेटकडून आलेल्या लोकलमधून उतरलेली माणसं भाईंदर स्टेशनबाहेर रिक्षा धरतात, गोल्डन नेस्टचा चौक ओलांडून इंद्रलोकच्या वेगवेगळ्या फेजमध्ये पांगतात, आणि त्यांतली काही घरी न जाता थेट तळमजल्यावरच्या या गाळ्यात शिरतात. खांद्याला बॅग, एक हात गालावर. डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न दाताबद्दल नसतोच. ‘शेवटचं कधी खाल्लंत?’

माझी अक्कलदाढ काढायची होती म्हणून मी इथे आले. नंतर डॉक्टरांची आणि त्या त्या पेशंटची परवानगी घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिले, कारण या दवाखान्यात सुई टोचण्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ सुईआधीच्या बोलण्याला दिला जातो, आणि ते बोलणं मला फार महत्त्वाचं वाटलं.

खाण्याच्या प्रश्नावर निम्मे लोक अभिमानाने सांगतात, ‘काही नाही खाल्लं. उपाशीच आलोय.’ भूल म्हटलं की उपाशी राहायचं, हे ऑपरेशन थिएटरच्या पूर्ण बेशुद्धीचं शास्त्र लोकांनी दाताच्या भुलीलाही लावलंय. नुसता जबडा बधिर करायचा असेल तर उपाशी राहायची गरज नसते. उलट, दुपारी दीडला डबा खाल्लेला, मग तासभर गर्दीत उभा राहून आलेला, घामाने निथळलेला माणूस सुई पाहिल्यावर चक्कर येऊन पडण्याची शक्यता जास्त. डायबेटिसची गोळी घेऊन जेवण टाळलं असेल तर साखर उतरते, ते वेगळंच. श्रावणी सोमवार असो की शेजारच्या इमारतीतल्या जैन बहिणींचं आयंबिल असो, उपास असेल तर डॉक्टर सरळ दुसरा दिवस देतात.

मग पुढचे प्रश्न. बीपी, शुगर, दमा, हृदय, थायरॉइड, दिवस गेलेत का, आधी कधी भूल घेतली होती का, तेव्हा काय झालं होतं. आणि सगळ्यांत शेवटी, थोडं थांबून: ‘रोज कुठल्या गोळ्या घेता?’ इथे लोक लपवतात. खोटं बोलायचं म्हणून नाही. आजचं काम आज उरकावं, परत हेलपाटा नको, म्हणून.

एक काका आठवतात. त्यांनी सगळ्या प्रश्नांना ‘नाही, नाही’ म्हणून टाकलं. बाहेर बसलेल्या काकूंनी दार ढकलून पर्समधून गोळ्यांच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. ‘अहो, सांगा ना त्यांना. पाच महिन्यांपूर्वी स्टेंट टाकलीय.’ एक पट्टी क्लोपिडोग्रेलची, एक अ‍ॅस्पिरिनची, एक प्रोप्रॅनोलॉलची. काका म्हणाले, ‘अगं, दाताचा आणि हृदयाचा काय संबंध?’

संबंध आहे, आणि तो डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावला. दाताच्या भुलीच्या औषधात बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात. एक लिग्नोकेन, नस बधिर करणारं. दुसरं अ‍ॅड्रिनलिन, तिथल्या रक्तवाहिन्या आवळून औषध जागच्या जागी धरून ठेवणारं, म्हणजे बधिरपणा टिकतो आणि रक्तही कमी जातं. प्रमाण नखभर असतं, 80,000 भागांत एक भाग, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये साडेबारा मायक्रोग्रॅम. तरुण, धडधाकट माणसाला एखादा क्षण छातीत धडधडतं आणि थांबतं. हृदयाच्या पेशंटला मात्र एका वेळी साधारण 40 मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळतात, म्हणजे या औषधाचे जेमतेम तीन मिलीलीटर. त्यात प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर अ‍ॅड्रिनलिनमुळे रक्तदाब एकदम वर जाऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण त्या चालू आहेत हे सांगायचंच. त्या दिवशी काकांची दाढ निघाली नाही. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी आणि दुखण्यापुरतं औषध घेऊन ते नाराज होऊन गेले. काकू मात्र निघताना डॉक्टरांचा हात धरून काहीतरी बोलल्या.

औषधाची बाटली पाहायला मागितली तर डॉक्टर दाखवतात. 30 मिलीलीटरची, वर रबराचं बूच. लिग्नोकेन 2 टक्के, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये 20 मिलिग्रॅम. अशी बाटली अनेक पेशंटना पुरते, आणि म्हणूनच तिच्याबाबत डोळ्यांत तेल घालून वागावं लागतं. बूच स्पिरिटने पुसायचं, प्रत्येक वेळी नवी सुई, नवी सिरिंज. त्याच पेशंटला दुसऱ्यांदा थोडी भूल लागली तरी तोंडात गेलेली सुई पुन्हा बाटलीत घालायची नाही. नाहीतर एकाचा हिपॅटायटिस बी दुसऱ्याच्या जबड्यात. काही ठिकाणी बाटलीऐवजी 1.8 मिलीलीटरची काचेची कार्ट्रिज वापरतात. ती एका पेशंटपुरतीच. ‘सिरिंज माझ्यासमोर फोडा’ असं म्हणण्यात पेशंटने संकोच करू नये, आणि चांगला डॉक्टर ते ऐकून रागावत नाही, हे मी इथे पाहिलं. वापरलेली सुई हातातून सुटते ती थेट पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी सुयांसाठी पांढरा डबा ठरवून दिला आहे. सिरिंजचं प्लास्टिक लाल पिशवीत आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत.

मुलांच्या बाबतीत डॉक्टर आधी वजनकाट्याकडे बोट दाखवतात. आईला वाटतं, उगाच. पण हिशोब साधा आहे. लिग्नोकेनची कमाल मात्रा अ‍ॅड्रिनलिनशिवाय किलोमागे 4.4 मिलिग्रॅम, अ‍ॅड्रिनलिनसह 7 मिलिग्रॅमपर्यंत, आणि मुलांसाठी सावधपणे कमीचाच आकडा धरणारे डॉक्टर बरेच. 60 किलोच्या बाईला कमीच्या आकड्यानेही 264 मिलिग्रॅम चालतात, 1.8 मिलीलीटरच्या सात कार्ट्रिज झाल्या. 15 किलोच्या पोराला फक्त 66, म्हणजे दुसरी कार्ट्रिज संपायच्या आतच हद्द ओलांडली जाते. टोचण्याआधी हिरडीवर मारायच्या 10 टक्क्यांच्या फवाऱ्याच्या एका दाबातही साधारण 10 मिलिग्रॅम असतं आणि तेही याच खात्यात जमा धरायचं. ‘दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच दिवशी करून टाका ना’ म्हणणाऱ्या आयांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवताना मी डॉक्टरांना पाहिलं, आणि एकही आई पुन्हा तो आग्रह धरेना.

आता प्रत्यक्ष सुई. वरच्या दातांना भूल देणं सोपं, कारण वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं. हिरडीजवळ औषध सोडलं की झिरपत मुळापर्यंत जातं. खालच्या दाढांचं हाड टणक. तिथे नस जबड्यात शिरण्याआधीच गाठावी लागते. डॉक्टर अंगठ्याने गालाच्या आत जबड्याची कड चाचपतात, सिरिंज दुसऱ्या बाजूच्या दातांवरून तिरकी आणतात, सुई इंचभर आत हाडापर्यंत जाते, किंचित मागे येते. मग दट्ट्या उलटा ओढतात. सिरिंजमध्ये रक्त दिसलं तर सुई रक्तवाहिनीत आहे, जागा बदलायची. रक्त नाही, म्हणजे पुढे. आणि मग हळू, फार हळू. मिनिटाला एक मिलीलीटरच्या आसपास. अ‍ॅड्रिनलिनचं औषध आम्लधर्मी असतं, ते भराभर रेटलं तर झोंबतं, आणि चुकून रक्तात जात असेल तर सावध होऊन थांबायला अवधी राहत नाही.

या सगळ्या वेळात पेशंटने मान हलवायची नाही, सुई हातांनी धरायला जायचं नाही, आणि तरी गप्प राहायचं नाही. डॉक्टर आधीच सांगून ठेवतात: डावा हात मोकळा ठेवा, काही वेगळं वाटलं तर तो वर करा. ओठात किंवा जिभेत विजेचा झटका बसल्यासारखं वाटलं तर सुई नसेला लागली आहे, हात वर. छातीत जोरात धडधडलं, हात वर. सहन करणं म्हणजे शहाणपण, असं आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं. बायका तर विशेष. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ‘ठीक आहे, करा तुम्ही’ म्हणणाऱ्या ताई मी या खुर्चीत पाहिल्या. डॉक्टर थांबल्या, सुई बाहेर काढली. ‘ताई, तुम्ही सांगितलं नाहीत तर मला कळणार कसं?’

सुईनंतर तीन ते पाच मिनिटं थांबायचं. खालचा ओठ जड झाला, सुजल्यासारखा वाटू लागला की नस पकडली गेली. न झाल्यास सांगायचं. ‘थोडं दुखेल, चालेल’ म्हणून काम सुरू करू द्यायचं नाही. मात्र मुळाशी पू झालेली दाढ कधीकधी बधिर होतच नाही, आणि त्याचं कारण रसायनात आहे. जंतुसंसर्गाने तिथल्या पेशी आम्लधर्मी होतात, आणि आम्लात लिग्नोकेनचा नसेच्या आवरणातून आत शिरणारा भाग कमी पडतो. आत शिरल्याशिवाय नसेतली सोडियमची दारं बंद होत नाहीत आणि वेदनेचा निरोप जातच राहतो. अशा वेळी औषध वाढवत नेण्यापेक्षा दूरवरून नस गाठणं, किंवा आधी पू काढून काही दिवसांनी बोलावणं बरं.

हे औषध आपल्या हाती आलं तेही जिभेच्या चवीतून. स्टॉकहोममध्ये होल्गर एर्टमन या रसायनतज्ज्ञाने आपण बनवलेला एक पदार्थ जिभेला लावून पाहिला आणि जीभ बधिर झाली. त्याचा सहकारी निल्स लोफग्रेन त्या धाग्याने पुढे गेला आणि 1943 मध्ये त्याने लिडोकेन, म्हणजे आपलं लिग्नोकेन, तयार केलं. बेंग्ट लुंडक्विस्ट या तरुणाने ते स्वतःला टोचून पाहिलं. 1948 मध्ये ते झायलोकेन नावाने बाजारात आलं. त्याआधी प्रोकेन होतं, आणि त्याच्याही आधी कोकेन. 1884 मध्ये कार्ल कोलरने डोळ्यासाठी कोकेन वापरलं, आणि लगेच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेडने खालच्या जबड्याची तीच नस कोकेनने बधिर करून दाखवली. स्वतःवर प्रयोग करता करता त्याला कोकेनचं व्यसन जडलं. आजच्या सुईची सुरक्षितता अशा शरीरांवरून चालत आली आहे, हे मला विसरता येत नाही.

धोका मात्र अजूनही शून्य नाही. औषध जास्त झालं किंवा रक्तात गेलं तर जिभेवर धातूची चव येते, भूल न दिलेल्या बाजूच्याही ओठाभोवती मुंग्या येतात, कानात घणघण होते, गरगरतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. पुढे झटके येऊ शकतात. यावर मोठ्या हॉस्पिटलांत 20 टक्के चरबीचं सलाइन देतात. अमेरिकेतल्या गाय वाइनबर्गच्या 1998 च्या उंदरांवरच्या संशोधनातून तो उपाय पुढे आला. तिथपर्यंत वेळ येऊ नये म्हणून पहिलं चिन्ह दिसताच बोलायचं.

घरी गेल्यावरही ओठ-गाल दोन-तीन तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, बधिर राहतात. गरम चहा नको, चावायचं नाही. लहान मुलं तर बधिर ओठ गंमत म्हणून चावत बसतात आणि दुसऱ्या दिवशी सुजलेला, सोललेला ओठ घेऊन येतात. भूल उतरेपर्यंत कोणीतरी मोठ्या माणसाने शेजारी बसायचं. क्वचित डोळ्याची पापणी मिटेनाशी होते. औषध चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचलेलं असतं. काही तासांत जातं, तोवर डोळा झाकून ठेवायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा.

एक बाई मात्र वर्षानुवर्षं दाढेचं दुखणं गोळ्यांवर रेटत होत्या. ‘मला भुलीची अ‍ॅलर्जी आहे. एकदा दुसरीकडे टोचलं आणि मी बेशुद्ध पडले.’ डॉक्टरांनी खोदून विचारलं. अंगावर गांधी उठल्या होत्या? खाज? घसा आवळला? श्वास लागला? यातलं काही नाही. सुई दिसल्याबरोबर घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आडवं केल्यावर दोन मिनिटांत बरं वाटलं. ही भीतीने आलेली चक्कर. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार दुर्मिळ. तरी बाटलीतल्या मेथिलपॅराबेनसारख्या, औषध टिकवणाऱ्या द्रव्याची किंवा अ‍ॅड्रिनलिनसोबतच्या सल्फाइटची कुणाला अ‍ॅलर्जी असू शकते, दम्याच्या पेशंटने सल्फाइटबद्दल आवर्जून बोलावं. हातावरच्या टेस्टच्या एका ठिपक्यावर सगळी भिस्त नको, म्हणून डॉक्टरांनी त्यांना आधी मोठ्या हॉस्पिटलात अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे पाठवलं. तपासण्या झाल्या, औषध चालेल असा निकाल आला. मग एका दुपारी, पोटभर जेवण करून आल्यावर, खुर्ची जवळजवळ आडवी करून त्यांना भूल दिली. दाढ निघाली.

निघताना डॉक्टरांनी एका कार्डावर लिहून दिलं: तारीख, लिग्नोकेन 2 टक्के अ‍ॅड्रिनलिनसह, 1.8 मिलीलीटर, खालची उजवी बाजू, त्रास नाही. मागची घटना भीतीची चक्कर, अ‍ॅलर्जी नाही. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवायला सांगितला, कारण बोट कापल्यावर टाके घालताना किंवा चामखीळ काढतानाही बहुधा हेच औषध टोचलं जातं, आणि तिथला डॉक्टरही आधी तेच प्रश्न विचारेल.