चिमणराव ते आबा टिपरे : दिलीप प्रभावळकर

दिलीप प्रभावळकर यांचा जन्म 4 ऑगस्ट 1944 रोजी मुंबईत झाला. शिक्षण विज्ञान शाखेचं, पदव्युत्तर पदवीपर्यंतचं. पुढे नोकरी औषधनिर्मिती करणाऱ्या कंपनीत. अभिनय बरीच वर्षं या नोकरीच्या जोडीनंच चालला. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी तालीम हा त्या पिढीतल्या अनेक मराठी नटांचा रिवाज होता. रत्नाकर मतकरी यांच्या बालरंगभूमीवर त्यांनी लवकरच नाव मिळवलं. 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण मुलांना घाबरवायची आणि हसवायचीही. मतकरींच्याच 'आरण्यक'मध्ये ते विदुर झाले. चेटकीण आणि विदुर ही दोन टोकं सुरुवातीलाच हाताळलेला हा नट पुढे एका साच्यात अडकला नाही, यात नवल नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. मराठी मालिका हा प्रकार तेव्हा नवा होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मालिका आली. चिमणराव म्हणजे प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे. ही जोडी मराठी वाचकांच्या मनात आधीपासून घर करून होती. 1940 च्या 'लग्न पहावं करून' या बोलपटात दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ती पडद्यावरही आणली होती. म्हणजे नव्या नटाची तुलना होणार हे ठरलेलंच. प्रभावळकरांनी चिमणरावांना विदूषक केलं नाही. भित्रा, भाबडा, स्वतःच्या शहाणपणावर गाढ विश्वास असलेला आणि दर वेळी फजित होणारा हा मध्यमवर्गीय गृहस्थ त्यांनी अगदी गंभीरपणे उभा केला. त्याची फजिती त्याला स्वतःला विनोदी वाटत नाही, म्हणूनच ती पाहणाऱ्याला हसवते. छोट्या पडद्यावर चेहरा जवळून दिसतो, तिथे नाटकातला मोठा हावभाव खोटा वाटतो. हे फार थोड्या नटांनी इतक्या लवकर ओळखलं.

नाटक मात्र सुटलं नाही. 'वासूची सासू'मध्ये त्यांनी स्त्रीवेष घेतला. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'त ते मतिमंद मुलाचे बाप काटदरे होते; मुलगा बच्चूच्या भूमिकेत अतुल परचुरे होते. मग 1991 मध्ये 'चौकट राजा' या चित्रपटात ते स्वतःच मतिमंद नंदू झाले. रंगमंचावर अशा मुलाच्या बापाचं दुःख जगलेला नट पडद्यावर त्या मुलाच्या जागी उभा राहिला. नंदूचं चालणं, अडखळणं, एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याला पाहून उजळणं यात दया मागण्याचा सूर कुठेच लागत नाही. प्रभावळकरांच्या सगळ्या कामांत ही भूमिका सर्वांत वरची मानावी लागेल.

स्वतः लिहिलेल्या 'हसवाफसवी'त त्यांनी सहा भूमिका केल्या. त्यांतले कृष्णराव हेरंबकर, म्हणजे संगीत रंगभूमीच्या वैभवात अजून रमलेला वृद्ध नट, प्रेक्षकांच्या सर्वांत लक्षात राहिले. विंगेत जाऊन पोशाख बदलायचा आणि पुन्हा येताना चाल, आवाज, वय असं सगळं बदलून यायचं, असा तो खेळ होता. 1993 मध्ये महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने त्यांना तात्या विंचू केलं. हा गुंड पडद्यावर माणूस म्हणून थोडाच वेळ असतो, नंतर त्याचा आत्मा रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात शिरतो. तरी लहान मुलांच्या दोन पिढ्या त्याला घाबरत वाढल्या.

खासगी मराठी वाहिन्या आल्यावर 2001 मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. मूळ लेखन प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'चं, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. आजोबा आबा, मुलगा शेखर, सून श्यामला आणि शिऱ्या-शलाका ही नातवंडं. भूमिका अनुक्रमे प्रभावळकर, राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम आणि रेश्मा नाईक यांच्या. या घरात कारस्थानं नव्हती. रोजच्या कुरबुरी होत्या आणि आबांचं मिश्कील बोलणं होतं.

मुंबई-पुण्याची नाटकं दौऱ्यावर निघाली तरी फार तर जिल्ह्याच्या ठिकाणी येतात. पैनगंगेच्या खोऱ्यातलं, तेलंगणाच्या सीमेलगतचं किनवट नांदेडपासून शंभरावर किलोमीटर दूर. तिथल्या माणसाला एका प्रयोगासाठी तेवढा प्रवास करणं सोपं नाही. अशा गावांना हा नट घरातल्या टीव्हीमुळेच आपला वाटला. दूरचित्रवाणीला कमी दर्जाचं काम मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. प्रभावळकरांनी ते तसं कधी मानलं नाही. टिपऱ्यांच्या दिवाणखान्यातही त्यांनी रंगमंचाइतकीच मेहनत घेतली.

2006 मध्ये राजकुमार हिरानी यांच्या 'लगे रहो मुन्नाभाई'त ते गांधीजी झाले. फक्त मुन्नाला दिसणारे हे बापू आवाज चढवत नाहीत, उपदेशही हळुवारपणे करतात. या भूमिकेसाठी आणि गजेंद्र अहिरे यांच्या 'शेवरी'साठी मिळून त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचं लेखनही सतत चालू राहिलं. 'बोक्या सातबंडे' मुलांचा लाडका झाला, 'एका खेळियाने'त त्यांनी आपला प्रवास मांडला. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या 'दशावतार'मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, कोकणातल्या बाबुली मेस्त्री या म्हाताऱ्या दशावतारी कलावंताची प्रमुख भूमिका त्यांनीच केली.

प्रभावळकरांना फक्त आबा किंवा तात्या विंचू म्हणून ओळखणाऱ्यांनी 'चौकट राजा' आणि 1999 चा 'रात्र आरंभ' हे दोन चित्रपट लागोपाठ जरूर पाहावेत.