पाळीव पक्ष्यांची शुश्रूषा : लेखांक ६ – अधू कोंबडीचे पाय

कोंबडीच्या पायाचा मागे वळलेला जो सांधा गुडघा म्हणून दाखवला जातो, तो खरे तर तिचा घोटा असतो. गुडघा त्याच्या वर, पिसांत दडलेला. घोट्याखालची खवल्यांची नळी म्हणजे पावलाचीच एकजीव झालेली हाडे. कोंबडी चालते बोटांवर. पाय अधू झाले की ती घोट्यांवर बसून राहते. तिथे हाडावर पातळ कातडीखेरीज काहीच नसल्यामुळे ती जागा आधी लाल होते, मग सुजते, खवले सुटतात आणि जखम चिघळते. पट्टी बांधायची ती या जागेच्या रक्षणासाठी. तिने अधूपण जात नाही.

अधूपणाचे कारण पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावे. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेल्या कोंबडीत मरेक्स रोगाची शंका येते. हंगेरीचे पशुवैद्यक योझेफ मारेक यांनी 1907 साली त्याचे वर्णन केले. त्यावर लस आहे, इलाज नाही. ब-२ जीवनसत्त्व कमी पडलेल्या पिल्लांची बोटे आत वळतात. तिथे वेळीच लक्ष दिले तर पाय सावरू शकतो. मानमोडीतही पाय लुळे पडतात.

पट्टी बांधायला दोन माणसे असलेली बरी. एकाने कोंबडी पंचात सैलसर गुंडाळून मांडीवर घ्यावी. डोक्यावर कापड टाकले की ती शांत होते. छाती मात्र आवळू नये. पक्ष्याला माणसासारखे श्वासपटल नसते, छातीचा पिंजरा हलला तरच श्वास चालतो. घट्ट धरलेली कोंबडी गुदमरू शकते.

जखम कोमट सलाइनने धुऊन टिपून कोरडी करावी आणि तिच्यावर न चिकटणारे गॉझ ठेवावे. नेमक्या दुखऱ्या जागी कापसाचा जाड गठ्ठा बांधण्याची चूक बहुतेकांकडून होते. त्याने भार पुन्हा जखमेवरच येतो. मऊ फोमची चकती कापून मधोमध भोक पाडावे, जखम त्या भोकात येईल अशी ती बसवावी. मग वजन कडेच्या धड कातडीवर पडते. त्यावर कापसाचा एक पातळ थर आणि शेवटी स्वतःलाच चिकटणारी लवचीक पट्टी. ही पट्टी रिळावरून थेट ताणून गुंडाळली तर नंतर आवळत जाते, म्हणून आधी उलगडून सैल करून घ्यावी. वेढे खालून वर घ्यावेत, पिसांवर चिकटपट्टी लावू नये.

बोटे उघडी ठेवायची, कारण पट्टी घट्ट झाली की नाही हे तीच सांगतात. अर्ध्या तासाने आणि पुढे सकाळ-संध्याकाळ ती हाताने चाचपावीत. दुसऱ्या पायाच्या बोटांपेक्षा गार लागली, फुगली किंवा काळपट दिसली, तर पट्टी बोथट टोकाच्या कात्रीने लगेच कापावी. ओली किंवा विष्ठेने भरलेली पट्टी तासभरही ठेवू नये. उन्हाळ्या-पावसाळ्यात माश्या बसून जखमेत अळ्या पडतात.

पाय फाकलेल्या पिल्लाची गोष्ट वेगळी. गुळगुळीत वर्तमानपत्रावर वाढलेल्या पिल्लांचे पाय घसरून फाकतात. पहिल्या काही दिवसांत हाडे कोवळी असतात. तेव्हाच दोन्ही पायांभोवती आठच्या आकड्यात मऊ पट्टी बांधावी, नैसर्गिक उभे राहण्याइतके अंतर ठेवावे आणि खाली टॉवेल अंथरावा. उशीर झाला तर पाय तसेच घडतात.

बिछान्याची हयगय झाली तर पट्टीचा उपयोग होत नाही. ओल्या तुसातल्या विष्ठेपासून अमोनिया तयार होतो आणि त्याने घोट्यांची कातडी भाजल्यासारखी होते. अंथरूण जाड, कोरडे असावे आणि रोज बदलावे. दिवसातून तीन-चार वेळा कोंबडीची बाजू पालटावी, म्हणजे छातीच्या हाडावरही व्रण पडत नाहीत. पायांसाठी दोन भोके आणि मागे विष्ठेसाठी एक मोकळी जागा ठेवलेल्या कापडी झोळीत तिला थोडा वेळ टांगता येते. पंजे जमिनीला जेमतेम टेकलेले असावेत. दाणापाणी चोचीच्या उंचीवर ठेवावे. इतर कोंबड्या जखमेला टोचतात, म्हणून तिचे खुराडे वेगळे, पण त्या दिसतील अशा जागी असावे. औषध चालू असताना तिची अंडी खायची की नाही, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावे.