बाजारातला घोडा, रेसकोर्सवरचा घोडा

पुण्याच्या रेसकोर्सचा हंगाम जुलैत सुरू होतो आणि पाऊस ओसरू लागला, की सप्टेंबर-ऑक्टोबरात भराला येतो. या वेळापत्रकाचे कारण मुंबईच्या पावसात आहे. महालक्ष्मीच्या मैदानावर 1883 पासून शर्यती होत आल्या, पण पावसाळ्यात ते मैदान घोड्यांच्या टापा पेलू शकत नाही. म्हणून रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचे घोडे घाट चढून पुण्याला येतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास परत जातात. पुण्याचे मैदान 1830 चे असून ते लष्कराच्या जमिनीवर आहे.

या हंगामातली मोठी शर्यत म्हणजे सप्टेंबरातली इंडियन सेंट लेजर. मुंबईत 1600 मीटरची टू थाउजंड गिनीज आणि 2400 मीटरची डर्बी झाल्यावर, तिहेरी मुकुटाची ही शेवटची पायरी 2800 मीटरची असते. वेगाला दमाची जोड आहे की नाही, हे इथे कळते. इंग्लंडमध्ये डॉनकास्टरला 1776 मध्ये सुरू झालेल्या शर्यतीवरून हे नाव आले. ती तिथल्या डर्बीपेक्षा चार वर्षांनी जुनी.

या शर्यती बघायला सोलापूरहूनही जाता येते; तिथून पुणे रेल्वेने सुमारे अडीचशे किलोमीटर. सकाळी सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस शौकिनाला शर्यती सुरू होण्याआधी पुण्यात पोहोचवते. सोलापूर जिल्ह्याला घोडा नवा नाही. तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण अकलूजला होते, दिवाळीच्या सुमारास तिथेच घोडेबाजार भरतो आणि मेंढरांमागे फिरणारे धनगर भीमथडी घोड्यांवर बिऱ्हाड लादतात. बाजारात मारवाडी, काठेवाडी जनावर पाहणारा आधी कान, मान, भोवरे बघतो. गळ्याशी देवमण नावाचा भोवरा असला किंवा चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी भेटला, तर किंमत चढते. मग रेवाल चाल बघितली जाते.

रेसकोर्सवर या खुणांना मोल नाही. इथला प्रत्येक घोडा थरोब्रेड जातीचा. या जातीची नर वंशावळ अठराव्या शतकाच्या आगेमागे इंग्लंडमध्ये आणलेल्या तीन पूर्वेकडच्या घोड्यांपर्यंत जाते. रंग, भोवरा काहीही असो, त्याची किंमत आईबाप आणि आजवरच्या निकालांवर ठरते. तरी डोळ्यांना काम उरतेच. शर्यतीआधी सईस घोड्यांना पॅडॉकमध्ये फिरवतात, तेव्हा कातडीची चमक, चालण्यातला सैलपणा आणि धावण्याआधीच सुटलेला घाम जाणकार टिपून घेतो.

बाकीचा हिशेब आकड्यांत असतो. हँडीकॅप शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, म्हणजे सगळ्यांना जिंकण्याची सारखी संधी राहते. जॉकीचे खोगिरासह वजन आधी होते. कमी पडले तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालतात. शर्यतीनंतर पुन्हा काटा होतो आणि त्यात तफावत निघाली, तर जिंकलेला डावही हातचा जातो. जमीन किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटर नावाच्या उपकरणाने मोजतात. कोरड्या जमिनीवर सुसाट जाणारा घोडा ओल्या मैदानात मागे पडू शकतो. पावसाळा आणि शरद यांच्या सीमेवरच्या पुण्यात या मापाला फार महत्त्व येते.

पैज लावण्याच्या दोन वाटा आहेत: परवानाधारक बुकी आणि टोट. बुकीकडे पैज घेतानाच भाव ठरतो. टोटमध्ये मात्र सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, कर आणि क्लबचा वाटा वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटली जाते. समजा 1,00,000 रुपये जमले आणि 30,000 वजा झाले. जिंकलेल्या घोड्यावर 20,000 रुपये लागलेले असतील, तर दहा रुपयांमागे 35 रुपये मिळतात. ज्या घोड्यावर सगळ्यांची नजर, तो जिंकूनही थोडेच देतो, ते यामुळेच. घोड्यांच्या शर्यतीत नशिबापेक्षा कौशल्याचा भाग मोठा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला. म्हणून या पैजेला जुगाराहून वेगळे स्थान आहे. करातून मात्र सुटका नाही. पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी 28 टक्के आणि सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी लागू झाला.

धावणे थांबल्यावरही काही घोडे उपयोगी पडत आले आहेत. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण घोड्याच्या रक्तातून धनुर्वात आणि सर्पदंशावरचा रक्तरस तयार होतो. हेच काम पुण्यात करता येईल, या विचारातून 1966 मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.