हृद्रोगात जवस : किती, कसे आणि कोणास?

चार महिन्यांपूर्वी चिकित्सालयात आलेल्या एका साठीच्या गृहस्थांचा रक्तदाब १७८/१०२ भरला. गोळी नियमित चालू आहे ना, असे विचारता ते म्हणाले, "डॉक्टर, गोळी केव्हाच सोडली. आता दोन्ही वेळा जवसाची चटणी खातो." चटणीची डबी त्यांनी कौतुकाने सोबत आणली होती. चिमूटभर चाखून पाहिली, तर खारट! रक्तदाबाची गोळी सुटली होती आणि तिच्या जागी मीठ वाढले होते.

जवस आपणास नवा नाही. विदर्भ-मराठवाड्यातील घराघरांत त्याची चटणी होते. संहिताकारांनी तो अतसी, उमा, क्षुमा या नावांनी नोंदविला आहे. क्षौम वस्त्र याच वनस्पतीच्या धाग्यांचे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २७व्या अध्यायात अतसीतैल उष्णवीर्य, कटुविपाकी, वातात हितकर, परंतु रक्तपित्तप्रकोपक म्हटले आहे. भावप्रकाशात अतसी गुरु, स्निग्ध, उष्ण आणि दृष्टी व शुक्र यांस अहितकर सांगितली आहे. या दोन्ही वर्णनांत हृद्रोगाचा उल्लेख नाही. तेव्हा "हृदयासाठी जवस, असे ग्रंथातच आहे" असे रुग्णास सांगणे वैद्यास शोभत नाही. हा उपयोग पुढे आला तो आधुनिक संशोधनातून, आणि तसे मान्य करण्यात आपल्या शास्त्राचे काही उणे होत नाही.

जवसात सुमारे ४० टक्के तेल असते व त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतिजन्य ओमेगा-३ असतो. याखेरीज भरपूर तंतू व लिग्नन ही द्रव्ये आढळतात. मात्र माशांच्या तेलातील ओमेगा-३ आणि हे एकच नव्हे. शरीरात त्याचे तसे रूपांतर फारच थोडे होते. कॅनडातील विनिपेग येथे पायांच्या रोहिण्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर झालेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. रोज ३० ग्रॅम दळलेला जवस सहा महिने घेणाऱ्या गटाचा वरचा रक्तदाब तुलनेतील गटापेक्षा सुमारे १० व खालचा सुमारे ७ अंकांनी कमी आढळला. हा परिणाम लक्षणीय खरा. पण त्या रुग्णांची नेहमीची औषधे बंद केलेली नव्हती, हे वाक्य वर्तमानपत्री लेखांत बहुधा गळून पडते. कोलेस्टेरॉलवरील परिणाम सौम्य आहे, आणि तोही दळलेल्या बियांचा. नुसत्या तेलाचा तसा दिसत नाही.

कृतीचा विचार येथेच महत्त्वाचा ठरतो. अखंड बी टणक कवचामुळे बव्हंशी न पचताच मलावाटे बाहेर पडते. म्हणून मंद आचेवर हलके भाजून, थंड झाल्यावर भरड दळावे. कच्चे बी अधिक प्रमाणात खाऊ नये. त्यात सायनाइड निर्माण करणारे अंश असतात व भाजण्याने ते घटतात. पूड आठवड्यापुरतीच करावी, कारण हे तेल लवकर खवट होते. द्रव्य गुरु व स्निग्ध असल्याने अग्नी पाहून चहाचा एक चमचा एवढ्या मात्रेने आरंभ करावा आणि हळूहळू तीन-चार चमच्यांपर्यंत न्यावे. मंदाग्नी असता आधी दीपन-पाचन करावे. सोबत पुरेसे कोष्ण पाणी हवेच, अन्यथा मलावष्टंभ वाढतो. ३० ग्रॅम जवसातून सुमारे १६० कॅलरी मिळतात. तेवढा भात वा पोळी कमी केली नाही, तर मेदोवृद्धीच पदरी पडावयाची.

चटणीऐवजी बिनमिठाची पूड ताकात, आमटीत किंवा भाकरीच्या पिठात घालावी, असे मी सुचवितो. दिवसभराचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावयाचे असता चटणी-पापड-लोणचे ही त्रयी परवडत नाही.

रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना जवस द्यावयाचा तर त्यांच्या हृद्रोगतज्ज्ञास कळवूनच. (चरकोक्त रक्तपित्तप्रकोपकत्वाचा याच्याशी थेट संबंध जोडण्याचा मोह होतो, तो आवरावा.) आंत्रावरोधाचा पूर्वेतिहास असल्यास व गर्भिणीस औषधी मात्रेत देऊ नये. इतर गोळ्या आणि जवस यांत तास-दोन तासांचे अंतर असावे, कारण त्यातील पिच्छिल अंशामुळे औषधाचे शोषण मंदावू शकते.

त्या गृहस्थांना त्याच दिवशी त्यांच्या फिजिशियनकडे पाठविले. गोळी पुन्हा सुरू झाली, चटणी सुटली, बिनमिठाची पूड राहिली. गेल्या आठवड्यात रक्तदाब १३८/८४ होता. यात गोळीचा वाटा किती, मीठ सुटल्याचा किती आणि जवसाचा किती, असे त्यांनी विचारले. मला ते वेगळे करून सांगता आले नाही.