ड्रोनची बॅटरी फुगली की संपली; पुन्हा चार्जिंगला लावू नका

पारनेर : कांद्यावर फवारणीला आता ड्रोन बोलावता येतो. 'नमो ड्रोन दीदी' योजनेतून बचत गटांच्या महिलाही या कामात उतरल्या आहेत. औषध जपून हाताळायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बॅटरीकडे कुणी बघत नाही.

ड्रोनमध्ये सहसा लिथियम पॉलिमर, म्हणजे 'लायपो' बॅटरी असते. तिच्या सेलला टणक डबा नसतो, नुसती मऊ पिशवी. आत पातळ थर आणि पेट घेणारं रसायन. बॅटरी आपटली, खिळा घुसला किंवा जास्त चार्ज झाली, तर आत शॉर्ट होऊन ती स्वतःच तापत जाते आणि भडकते.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. ती बॅटरीही लिथियमचीच.

चार्जिंग करताना

रात्री लावून झोपू नका. माणूस जागा असताना, घराबाहेर, फरशीवर ठेवून चार्ज करा. जवळ कडबा, डिझेल, गोण्या नकोत. चार्जर कंपनीने सांगितलेलाच हवा, कारण तो प्रत्येक सेल सारखा भरतो. एका सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट, १२ सेलच्या बॅटरीला ५०.४.

उड्डाणानंतर बॅटरी गरम असते. सावलीत ठेवा, गार झाल्यावरच चार्जिंगला लावा. उन्हाळ्यात पत्र्याचं शेड किंवा पिकअपची बंद केबिन टाळा.

ठेवताना

हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवली की टिकते. ३ व्होल्टच्या खाली गेली की खराब होते.

फुगली तर?

टाचणीने हवा काढायला जाऊ नका. वापर बंद करा, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि विक्रेत्याला कळवा. भंगारात देऊ नका. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

पेटलीच तर

माणसं-जनावरं लांब न्या. धूर विषारी असतो, जवळ जाऊ नका. जमलं तर मेन स्विच बंद करा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा. विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून लगेच हात लावू नका.

बॅटरी महाग असते, म्हणून फुगलेलीही 'अजून एक फेरी' चालवायचा मोह होतो. तो आवरा.