जुनी मत्स्यपेटी घरी आणताना

मासे पाळण्याची हौस पुष्कळांना असते. पण पाच-सहा फूट लांबीची नवी मत्स्यपेटी विकत घेणे प्रत्येकाच्या खिशाला परवडणारे नसते. मग एखादे उपाहारगृह बंद होते, एखादे कुटुंब बिऱ्हाड हलविते, आणि त्यांची वापरलेली पेटी स्वस्तात मिळते. हौशी माणूस ती टेंपोत घालून घरी आणतो. अशी मोठी पेटी काही वेळा काचेची नसून ॲक्रिलिकची असते. तिच्यावर चरे पडलेले असतात, क्षारांचे पांढरे थर बसलेले असतात, समोरची बाजू धुरकटलेली असते. घरातील वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात आणि विचारतात, 'हे भंगार कशासाठी उचलून आणलेस?'

या प्रश्नाचे उत्तर देता येते. मात्र त्यासाठी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. जुन्या ॲक्रिलिकच्या पेटीत जे दोष डोळ्यांत खुपतात, ते बहुतेक निरुपद्रवी असतात. आणि जे घातक असतात, ते पहिल्या नजरेत दिसत नाहीत. हौशी माणूस आधी चरे घासतो, मग मासे आणतो, आणि सांध्यांचा व जमिनीचा विचार सर्वांत शेवटी करतो. हा क्रम नेमका उलटा हवा.

ॲक्रिलिक म्हणजे काय?

ॲक्रिलिक हे एक पारदर्शक प्लास्टिक आहे. रसायनशास्त्रातील त्याचे नाव पॉलिमिथिल मेथाक्रिलेट. १९३० नंतरच्या काही वर्षांत जर्मनीत ओटो रोम यांनी ते 'प्लेक्सिग्लास' या नावाने, तर इंग्लंडमध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजने 'पर्स्पेक्स' या नावाने बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांवरील पारदर्शक छत्रे त्याची असत. छत्र फुटून त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळा ते निमूटपणे सहन करतो, हे लंडनचे नेत्रवैद्य हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आले. त्यावरून त्यांनी १९४९ साली मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात या पदार्थाचे कृत्रिम भिंग बसविले. आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांतील भिंगाची कथा तेथून सुरू होते.

ॲक्रिलिक काचेच्या निम्म्याहूनही हलके असते. १८० सेंटिमीटर लांब, ६० रुंद व ६० उंच अशी १२ मिलिमीटर जाडीची पेटी ॲक्रिलिकची असेल तर सुमारे ६५ किलो भरते. तेवढ्याच जाडीच्या काचेची १३० किलोंच्या वर जाते. चांगल्या ॲक्रिलिकमधून ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. दोष एकच: ते मऊ आहे. स्पंजात वाळूचा एक कण अडकला तरी पुसता पुसता लांब रेघ उमटते. परंतु हाच दोष पुढे आपल्या उपयोगी पडतो. काचेवरचा चरा घरी घालविणे जवळजवळ अशक्य. ॲक्रिलिकवरचा चरा मात्र घासून नाहीसा करता येतो.

आधी सांधे

काचेची पेटी सिलिकोनने चिकटविलेली असते. ॲक्रिलिकचे तसे नाही. तेथे दोन तक्त्यांच्या कडांमध्ये पातळ विद्रावक सोडतात. त्याने दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात आणि विद्रावक उडून गेला की एकजीव होतात. म्हणून असा सांधा उकलला, तर बाहेरून सिलिकोन फासून काही साधत नाही. सिलिकोन ॲक्रिलिकला नीट धरतच नाही.

पेटी विकत घेण्यापूर्वी ती उन्हात न्यावी आणि प्रत्येक सांधा तिरप्या नजरेने पाहावा. सांध्यातील एखाददुसरा जुना बुडबुडा चालतो. मात्र सांध्यात पांढुरकी छटा दिसली, किंवा झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा आत शिरलेल्या दिसल्या, तर तो सांधा सुटू लागला आहे असे समजावे. दुसरी खूण म्हणजे केसासारख्या बारीक तड्यांची जाळी. चरा पृष्ठभागावर असतो. ही जाळी आत शिरलेली असते आणि तिरप्या उजेडात चंदेरी चमकते. तक्त्यावरचा ताण आणि त्यावर कोणी तरी फिरविलेले स्पिरिट, थिनर, ॲसिटोन किंवा अमोनिया घातलेले काच पुसण्याचे द्रव, यांमुळे ती उद्भवते. कोपऱ्यांत वा तळाशी अशी जाळी असेल, तर ती पेटी पाण्यासाठी घेऊ नये. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुनी हस्तलिखिते मांडण्यासाठी ती चांगली उपयोगी पडेल!

पेटीच्या वरच्या बाजूला आतल्या अंगाने जी रुंद पट्टी असते, ती शोभेची नव्हे. पाण्याच्या दाबाने ॲक्रिलिक बाहेर फुगते. ती पट्टी त्याला आवरून धरते. हात आत जात नाही म्हणून ती कापणे म्हणजे पेटीचा कणाच मोडणे होय.

हा दाब किती असतो? वर सांगितलेल्या पेटीत काठोकाठ पाणी भरले, तर समोरच्या एकाच तक्त्यावर सव्वातीनशे किलो वजनाइतका रेटा येतो. लांबी दुप्पट केली तर रेटा दुप्पट होतो. उंची दुप्पट केली तर चौपट. म्हणून उंच पेटीची अधिक धास्ती बाळगावी.

बर्लिनमधील एका हॉटेलातील 'ॲक्वाडोम' हे दंडगोलाकार ॲक्रिलिक मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे अचानक फुटले. त्यात दहा लाख लिटर पाणी आणि सुमारे दीड हजार मासे होते. बहुतेक सारे मासे मेले, दोन माणसे जखमी झाली. दिवसाची वेळ असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. घरची पेटी त्यापुढे क्षुल्लक. पण पाण्याचा धर्म तोच.

म्हणून परीक्षा घ्यावी ती घराबाहेर. अंगणात किंवा वाहनतळावर सपाट आधारावर पेटी ठेवून रोज एक तृतीयांश याप्रमाणे तीन दिवसांत ती भरावी. सांध्यांखाली कोरडे वर्तमानपत्र पसरावे; थेंब गळला तर कागद सांगतो. समोरच्या बाजूवर दोरा ताणून मधला फुगवटा रोज मोजावा आणि वहीत टिपावा. थोडा फुगवटा स्वाभाविक आहे. पेटी पूर्ण भरल्यानंतरही तो दिवसेंदिवस वाढत असेल तर मात्र पेटी रिकामी करावी. आठवडाभर सारे ठीक राहिले, तरच पुढचा विचार.

मग जमीन

पेटी पाण्याच्या परीक्षेत उतरली, तरी आपले घर उतरेलच असे नाही. पाणी सहाशे लिटर म्हणजे सहाशे किलो. त्यात पेटी, वाळू, दगड आणि खालचा घोडा मिळविला की आठशे किलो सहज होतात. एका बाकाएवढ्या जागेत बारा-तेरा माणसे रात्रंदिवस उभी आहेत, असे समजावे. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकाने (आयएस ८७५) जो भार धरला आहे, तो दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो आहे. तो साऱ्या खोलीभर पसरलेला धरतात, म्हणून पेटी ठेवताक्षणी स्लॅब खचेल असे नाही. पण खोलीच्या मधोमध ती ठेवणे अविचाराचे ठरेल. तळमजला सर्वांत उत्तम. वरच्या मजल्यावर भिंतीलगत, शक्यतो बीमच्या आधाराने ठेवावी, आणि जुन्या इमारतीत तर स्थापत्य अभियंत्याला विचारल्यावाचून ठेवूच नये. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचाही यात संबंध आहे, हे विसरू नये.

काचेच्या पेटीचा भार पुष्कळदा कडांवर पेलला जातो. ॲक्रिलिकच्या तळाला मात्र सर्वत्र सारखा आधार लागतो. म्हणून घोड्यावर जाड प्लायवूडची अखंड फळी टाकावी, पाणसळ लावून ती समतल करावी आणि पेटी ठेवण्यापूर्वी हाताने पुसून घ्यावी. तांदळाच्या दाण्याएवढा खडा खाली राहिला, तरी सारा ताण तेथे एकवटतो. विजेची बटणे पेटीच्या थेट खाली नसावीत. प्रत्येक वायर बटणाच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाशीच गळून पडते.

चरे घालविणे

चरा दिसतो तो का? गुळगुळीत पृष्ठभागातून प्रकाश सरळ जातो; चऱ्याच्या ओबडधोबड कडांवर तो विखुरतो. घासण्याने आपण चरा भरून काढत नाही. भोवतालचा पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतो. मग उरलेल्या बारीक रेघा आणखी बारीक करत जातो, इतक्या की प्रकाश त्यांच्यावर अडखळत नाही.

आधी क्षारांचे थर पांढऱ्या व्हिनेगरने भिजवून मऊ कापडाने काढावेत. नंतर चऱ्यावर पाणी लावून पाहावे. पाणी लावताच फिकट होणारे आतल्या बाजूचे चरे पेटी भरल्यावरही फिके दिसतील, कारण पाणी व ॲक्रिलिक यांच्या वक्रीभवनांकात हवेच्या मानाने कमी फरक असतो. त्यांच्यामागे लागण्याचे कारण नाही. बाहेरच्या चऱ्यांना मात्र ही सवलत नाही.

रंगारी वापरतात तो वॉटर पेपर येथे लागतो. खोल चऱ्याला ४०० किंवा ६०० क्रमांकापासून सुरुवात करावी. मग ८००, १०००, १५००, २००० आणि शेवटी प्लास्टिकचे पॉलिश. पाणी सतत हवे. एका क्रमांकाने आडवे घासले तर पुढच्याने उभे घासावे. म्हणजे आधीच्या रेघा पुऱ्या गेल्या की नाही ते कळते. त्या गेल्याखेरीज पुढे जाऊ नये. येथे घाई केली तर शेवटी चकाकीच्या खाली ४००च्या रेघा तशाच दिसतात आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. एकाच ठिकाणी घासू नये; तेथे खळगा पडतो आणि मागचा मासा वेडावाकडा दिसतो. यंत्राने पॉलिश करायचे तर ते फिरते ठेवावे, कारण शंभर अंशांच्या आसपास ॲक्रिलिक मऊ पडते. सांध्यांना मात्र कागद लावू नये.

पाणी आणि मासे

पेटी स्वच्छ झाली की त्याच संध्याकाळी मासे आणण्याचा मोह होतो. तो आवरावा. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निर्माण होतो, आणि तो त्यांनाच विषारी असतो. काही सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, जे पुष्कळ सौम्य असते. हे जंतू गाळणीत व वाळूत वस्ती करतात आणि ती वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत पाणी कितीही नितळ दिसले, तरी ते माशांसाठी तयार नसते. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे संच दुकानात मिळतात. दोन्ही शून्यावर आल्यावरच थोडे थोडे मासे सोडावेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. त्यावर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा 'हायपो', हा जुना उपाय आहे. जुन्या मालकाची वाळू आणि गाळणीतील स्पंज टाकून द्यावेत. त्यांतून रोग येऊ शकतो.

शेवटी, पेटीतील मासे नकोसे झाले तरी ते विहिरीत वा नदीत सोडू नयेत. दुकानात बोटाएवढा दिसणारा 'सकर' मासा हातभर वाढतो, आणि परदेशातून आलेल्या या माशाने आपल्या देशातील कितीतरी नद्या-तलावांत ठाण मांडले आहे.

अशा रीतीने सांधे, जमीन, चरे, पाणी आणि अखेरीस मासे, हा क्रम पाळला तर महिना-दोन महिने जातात. तेवढे दिवस रिकामी पेटी पाहून घरची मंडळी हसतील. हसू द्यावे. ती पेटी आपल्यासाठी छंद असते. माशांसाठी मात्र तेवढेच जग असते, आणि ते पुरे झाल्यावरच त्यात कोणाला राहायला बोलवावे.