ओरखडा डबीवरचा, शिक्षा नाण्याला

दिवाळी जवळ आली की रायपूरच्या पंडरी भागात कापडबाजार गजबजतो आणि घरोघरी, पेढ्यापेढ्यांवर लक्ष्मीपूजनाची चांदीची नाणी कपाटाबाहेर येतात. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. त्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या पेटीत एखादा जुना रुपया निघाला, तर नवल नाही.

अलीकडे अशी नाणी पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत ठेवली जातात. काही वर्षांत डबी धुरकट होते, तिच्यावर बारीक चरे उमटतात. मग पूजेच्या घाईत नाणे बाहेर काढून चिंचेने किंवा राखेने लख्ख केले जाते. घात होतो तो इथे. घासण्याने धातूचा वरचा थर निघतो, छाप बोथट होते आणि संग्राहकाने आनंदाने विकत घेतले असते ते नाणे चांदीच्या वजनाच्या भावाला येते. याच दक्षिण कोसलात सापडलेली, शरभपुरीय राजा प्रसन्नमात्र याची सोन्याची नाणी जेमतेम सव्वा ग्रॅमच्या आसपास वजनाची. पातळ पत्र्यावर मागून ठोकून उठाव दिलेली ही नाणी बोटाच्या दाबानेही चेपतील.

म्हणून प्रथम पाहावे, चरा कुठे आहे. डबी प्रकाशात तिरपी करून डोळा इकडे तिकडे हलवावा. नाण्यावरील अक्षरांच्या तुलनेत चरा सरकताना दिसला, तर तो डबीवरचा समजावा. विकताना हा फरक मोलाचा ठरतो, कारण चऱ्यांआडचे नाणे सदोष असावे, असे गृहीत धरूनच गिऱ्हाईक भाव करते.

डबी उघडणारी असेल, तर नाणे कडांनी धरून बाहेर काढावे आणि मऊ कापडावर ठेवावे. डबी कोरड्या फडक्याने मुळीच पुसू नये. धुळीतील वाळूचे कणच चरे पाडतात, शिवाय घर्षणाने प्लॅस्टिकवर विद्युतभार येऊन धूळ अधिकच चिकटते. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून बोटांनी हलकेच धुवावे. टिपण्यासाठी जुने, वारंवार धुतलेले मलमल उत्तम. पंडरीच्या बाजारातून नवे कापड आणलेच, तर त्याची खळ दोन-तीनदा धुऊन घालवावी. डबी पूर्ण वाळल्याशिवाय नाणे आत जाऊ नये. अडकलेला ओलावा तांब्याचा वैरी आहे.

धुतल्यावरही राहिलेले बारीक चरे प्लॅस्टिक पॉलिशने जातात. तेही नाणे बाहेर असतानाच करावे. मऊ कापडावर थेंबभर पॉलिश घेऊन हलक्या हाताने गोल फिरवावे. पांढरी टूथपेस्टही काम देते, मात्र तिच्यातले कण कधी कधी नवा धुरकटपणा आणतात. नखाला जाणवणारा खोल चरा दोन हजार नंबरच्या पॉलिशपेपरने, पाणी लावून घासावा लागतो आणि नंतर पुन्हा पॉलिश करावे लागते. हा खटाटोप जाड अ‍ॅक्रिलिकच्या डबीसाठीच करावा. स्वस्त, पातळ डबी बदललेली बरी. तासभर झिजण्याइतकी तिची किंमत नसते.

ॲसिटोन, थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांना डबीजवळ फिरकू देऊ नये. त्यांनी अ‍ॅक्रिलिक व पॉलिस्टायरीन विरघळते. स्पिरिटनेही अ‍ॅक्रिलिकला जाळीदार तडे जातात. परीक्षण संस्थेने मोहोरबंद केलेली डबी पाण्यात बुडवू नये, कारण तिचा सांधा जलरोधक असेलच असे नाही. सांध्यावर चिकटपट्टी लावून फक्त वरचा पृष्ठभाग पॉलिश करावा. अशी डबी उघडली की त्या संस्थेची हमीही संपते.

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांना मात्र साफसफाईचा उपाय नाही. रायपूरच्या पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या उन्हाळ्यात आणि पाठोपाठच्या दमट पावसाळ्यात पीव्हीसीतून आम्ल सुटते व नाण्यावर हिरवट, चिकट थर धरतो. असे पाकीट कितीही स्वच्छ दिसले, तरी त्यातील नाणी पॉलिएस्टरच्या पाकिटात किंवा अ‍ॅक्रिलिकच्या डबीत हलवावीत. लॉकरमधील नाण्यांकडे वर्षानुवर्षे पाहिले जात नाही, तेव्हा पुढच्या खेपेला दागिन्यांबरोबर त्यांची पाकिटेही हाताळून, हुंगून पाहावीत.